कोटाची पांढरी माती

माय,

गेल्या महिन्यात आपला कोट पाहायला नागपूरहून एक पोरगी आली होती. जुन्या वास्तूंचं शिकलेली, डोक्याला टोपी, गळ्यात कॅमेरा, हातात गुंडाळायची टेप. आठवडी बाजाराच्या मागे कोटाचा जो शेवटचा तुकडा अजून उभा आहे तो ठेवायचा की पाडायचा, हे तिच्या अहवालावर ठरणार होतं, आणि अहवाल लिहिण्याआधी तिच्यासाठी मला एक गोष्ट विचारली गेली. मी जे उत्तर दिलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा तू माझ्याकडून वाचून घ्यायचीस, आणि मी वाचत असताना चूल फुंकायची थांबायचीस. तसंच समज, मी वाचते आहे आणि तू थांबली आहेस.

तू होतीस तेव्हा कोट पुष्कळ होता. गावाच्या मावळतीकडून तो जवळजवळ सलग दिसायचा. वेशीची कमान पडली होती पण दोन्ही बाजूंचे खांब उभे होते, आणि नदीकडे अख्खा एक बुरूज होता. कोणी म्हणायचं गोंड राजानं बांधला, कोणी म्हणायचं निजामाच्या वेळी पेंढाऱ्यांच्या भीतीनं बांधला. शाळेच्या पुस्तकात आपल्या गावाचं नावच नव्हतं, त्यामुळे ज्याला जे वाटेल ते तो ठोकून द्यायचा. एवढं खरं की एकेकाळी इथं मोठं ठाणं होतं, पेठ होती, आणि दिवेलागणीनंतर वेशी बंद व्हायच्या. बाहेरून काळा घडीव दगड आणि पोटात पांढरी माती, अशी ती भिंत. दगड आधी गेला. तो लोकांच्या जोत्यांत, विहिरींत, ओट्यांत जाऊन बसला; आपल्या दारची पायरीसुद्धा कोटाचीच होती आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. दगड गेल्यावर माती उघडी पडली. पुरुषांनी बैलगाड्या भरभरून ती पऱ्हाटीच्या वावरात नेऊन टाकली, कारण जुन्या भिंतीची माती खतासारखी लागते. बायांनी टोपल्यांनी नेली, घर पोतारायला. त्या पोरीनं आपल्या टिपणात ‘स्थानिक महिलांनी माती काढल्यामुळे झालेलं नुकसान’ असं लिहिलेलं मी पाहिलं आणि मला रागच आला. म्हटलं, बाई, बैलगाड्यांचं कुठं लिहिलं नाही तुम्ही. ती हसली, आणि तिनं तेही लिहिलं. पोरगी वाईट नाही.

दिवाळीच्या आधीचे ते दिवस मला अजून वासानं आठवतात. पाऊस उघडलेला असतो, कवेलूंवरचं शेवाळ वाळत आलेलं असतं, आणि सगळ्या आळीतल्या बाया पदर खोचून कोटाकडे निघालेल्या असतात. प्रत्येक घराची भिंतीत ठरलेली जागा. सासूची जागा सुनेकडे यायची, आणि दुसरीनं त्यात हात घातला तर वर्षभर बोलणं बंद. तुम्ही त्या भोकाला खदान म्हणायच्यात. बाबा वणीच्या कोळशाच्या खदानीत होते, आठवड्याच्या सुट्टीला एसटीनं घरी यायचे, आणि तुम्ही बाया त्या भोकाला खदान म्हणता म्हणून त्यांना हसू यायचं. तू मात्र अगदी मालकिणीच्या थाटात म्हणायचीस, ‘चाल, माह्या खदानीवर जाऊन येऊ.’ मी तुझ्या मागे रिकामं टोपलं डोक्यावर पालथं घालून चालायची. आत शिरलं की गार लागायचं. तू वाकून, एक गुडघा टेकून लोखंडी सब्बल मारायचीस आणि माती लाट्यांसारखी सुटून खाली यायची. तू डावरी होतीस. जेवताना लोकांनी बोलून बोलून तुझा उजवा हात कामाला लावला होता, पण सब्बल धरली की डावाच हात पुढे यायचा, आणि तिथं तुला टोकायला कोणी नसायचं.

मग घरी ती माती भिजत घातली जायची. एका मोठ्या गंजात, रात्रभर. सकाळी वरचं पाणी ओतून, हातानं खडे काढून, जुन्या लुगड्याचं पोतेरं बुडवून तू स्वैपाकघराच्या भिंतींपासून सुरुवात करायचीस. ओली असताना भिंत मळकट दिसायची, आणि मला दरवर्षी वाटायचं की यंदा बिघडलं. दुपारपर्यंत ती वाळत जायची आणि एकेका कोपऱ्यातून पांढरी होत यायची. तू पाठ मोडून आलेली असायचीस, कोपरापर्यंत हात पांढरे, आणि चहाचा कप तसाच त्या हातांनी धरून भिंतीकडे पाहत बसायचीस. त्या वेळी तुला कोणी काही विचारलेलं आवडायचं नाही. एकदा मी सुकायच्या आत भिंतीला हात लावला आणि पाचही बोटं उमटली. तू मला जी एक ठेवून दिलीस ती अजून आठवते, आणि तेही आठवतं की बोटं तू पुसली नाहीस. पुढची दिवाळी जवळ आली तरी ती चुलीच्या वर तशीच होती.

बाबांची आणि तुझी त्या खदानीवरून व्हायची ती भांडणं मला तोंडपाठ आहेत. एका सुट्टीला ते तुझ्याबरोबर आले होते, टोपली उचलू लागायला. आत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“असं खालून नाई कोरत व,” ते म्हणाले. “आमच्या खदानीत असं कोणी कोरलं तं साहेब त्याले घरी पाठवून देते. वरून पायऱ्या पाडत पाडत उतरा लागते.”

“तुमच्या तिथं डोक्यावर देवी बसली हाय का?” तू म्हणालीस. “देवीच्या डोक्यावर पाय देऊ का म्या?”

कोटावर देवी होती, म्हणजे शेंदूर लावलेला एक दगड होता, पार वर, जिथं जुन्या पहाऱ्याची जागा असावी. सणासुदीला एखादा पुजारी वर जाऊन तेल घालून यायचा, पण बाई मात्र कोटावर चढत नसे. त्यामुळे वरून माती काढायचा प्रश्नच नव्हता. पायाशी बसून मागायचं आणि पायाशीच खोदायचं. शिवाय खालची माती लोण्यासारखी, वरची उन्हानं भाजलेली आणि खारी, हेही तुम्हा सगळ्यांचं ठरलेलं होतं.

“म्हणूनच सांगून राह्यलो न,” बाबा म्हणाले. “देवी वर हाय. खालचं कोरून टाकलं तं तिनं बसावं कुठं?”

“तिले समजते. लेकी हायेत पायाशी, येवढं तिले समजत नाई का?”

बाबांनी भरलेली टोपली उचलली. तुझ्यापुढे त्यांचं काही चालायचं नाही, आणि खरं सांगायचं तर तुझं हे उत्तर मला तेव्हा फार आवडलं होतं. आळीतल्या सगळ्या बाया तशाच खोदत होत्या, त्यांच्या सासवांनी तसंच खोदलं होतं, आणि कोट कोणाच्या अंगावर आला नव्हता. एकट्या बाबांना भीती वाटत होती, आणि भित्रा म्हणून सगळ्या त्यांची थट्टा करायच्या.

त्या दिवशी मी शाळेत होते. मधली सुट्टी संपत आली होती, आम्ही पोरी नळावर पाणी पीत होतो, आणि रस्त्यानं माणसं कोटाकडे धावताना दिसली. मला कोणी काही सांगितलं नाही. मीही त्यांच्यामागे पळाले ते आग लागली असेल, गंमत पाहायला मिळेल म्हणून. तिथं पोचते तर कोटाला मोठी खांड पडलेली, हवेत पीठ उधळल्यासारखी धूळ, आणि पुरुष फावड्यांनी, घमेल्यांनी, हातांनी माती ओढत आहेत. मला शेजारच्या मावशीनं धरलं. ती भरलेलं टोपलं डोक्यावर घेऊन बाहेर कापडावर ओतायला आली होती आणि तेवढ्यात मागे ढेप कोसळल्यासारखा आवाज झाला. तिनं माझं तोंड आपल्या पोटाशी दाबून ठेवलं. तिच्या लुगड्याला तीच माती होती. मी वाकून पाहिलं तेव्हा मला तुझा एक पाय दिसला, जोडव्यासकट, आणि तो पाय इतका पांढरा होता की मला वाटलं हा तुझा नाहीच. मी तसं ओरडून सांगितलंसुद्धा. ‘ही माही माय नाई,’ मी म्हणाले, आणि बाया आणखी रडायला लागल्या.

देवीनं नेलं, असं गावानं ठरवून टाकलं. तुझा काहीतरी विटाळ झाला असेल, तू नवस विसरली असशील, असं एकेक. आपल्या घरात येऊन, आपल्या ओट्यावर बसून, आपला चहा पिऊन बोलायचे, माय. बाबा ऐकून घ्यायचे. तेराव्यानंतर एका सकाळी ते खदानीतले जाड बूट घालून घरातून निघाले, कोटावर चढले, पार देवीपर्यंत गेले, आणि पहारीनं वरून पायऱ्या पाडायला लागले. लोंबती माती होती ती बहुतेक सगळी त्यांनी खाली घातली. खाली गाव जमा झालं होतं. वर देवी आहे, उतर, असं कोणीतरी खालून ओरडलं, पण वर जाऊन त्यांचा हात धरायची कोणाची छाती झाली नाही. संध्याकाळी ते उतरले, बूट ओट्याखाली ठेवले, आणि वणीला परत जायची एसटी धरली. आज तो तुकडा उभा आहे तो त्यांच्या त्या एका दिवसामुळे. पुढच्या महिन्यात त्यांनी स्वैपाकघराला सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं. चुलीवरची माझी बोटं त्याखाली गेली.

त्यानंतर मी कोटाकडे गेले नाही. बाजारात जायचं तर नदीकडून लांबचा फेरा घालून जायची. शिकले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, नोकरीची वर्षं बहुतेक महागावला गेली, तिथंच संसार झाला. शाळेत मी पोरांना किल्ल्यांचे धडे शिकवले. तट म्हणजे काय, बुरूज म्हणजे काय, हे फळ्यावर आकृती काढून समजावलं, आणि एकाही वर्गाला कधी सांगितलं नाही की माझ्या गावाला असा कोट आहे. नवरा गेला, पोरं पुण्याला गेली, आणि निवृत्तीनंतर मी बाबांच्या रिकाम्या घरात परत आले. तोवर गावात कोट जवळजवळ संपला होता. वेशीचे खांब रस्ता रुंद करताना गेले, बुरूज नदीच्या पुरानं नेला. राहिला तो तुझा तुकडाच. गंमत पाहा, इतका मोठा कोट होता आणि उरला कुठला तर हा.

मग एका दुपारी, का ते मला सांगता येणार नाही, मी सरळ तिथं गेले. बाभळी माजल्या होत्या, बाटल्या पडल्या होत्या, दोन बकऱ्या होत्या. खदानीचा पुढचा भाग तर त्या दिवशीच कोसळला होता, पण आतली एक बाजू अजून आहे. वर थोडी माती छपरासारखी पुढे आलेली आहे म्हणून तिथं पाऊस पोचत नाही. मी आत वाकले आणि पाहिलं तर भिंतीवर सब्बलीचे घाव होते. ओळीनं, एकाखाली एक, कालच मारल्यासारखे. आजूबाजूच्या खदानींतले घाव एका अंगाला कलतात आणि तिथले बरोबर उलट. मी कितीतरी वेळ दोन्हीकडे पाहत राहिले, म्हटलं आपल्या मनाचे खेळ असतील. नव्हते. ते डाव्या हाताचे घाव होते. गावात सब्बल डाव्या हातानं धरणारी दुसरी बाई मी कधी पाहिली नाही.

तुझा एक फोटो आहे घरात, यवतमाळच्या स्टुडिओत काढलेला. त्यात तू अशी ताठ बसली आहेस की ती कोणीतरी दुसरीच वाटते. तुझी लुगडी मावशीनं आणि आळीनं नेली, भांडी मोडीत गेली, तुझ्या हातचं काही शिवलेलं, विणलेलं माझ्याकडे नाही. तुझ्या हातचं म्हणून या जगात एवढंच आहे, आणि ते त्या जागी आहे. मी रोज जायला लागले. हात त्या घावांवर ठेवायची, बस, दुसरं काही नाही. बकऱ्यावाला मला वेडी समजायचा.

आता त्या पोरीच्या दिवसाची गोष्ट. आपल्या वॉर्डाचा मेंबर तरुण आहे, कामसू आहे. त्याला कोट पाडून बाजारासाठी ओटे बांधायचे आहेत, आणि त्याचंही चूक नाही, भाजीवाल्या बाया चिखलात बसतात. जुनी वास्तू म्हणून ती पोरगी कोट वाचवू पाहत होती. ती म्हणाली, भिंत बऱ्यापैकी घट्ट आहे, राखता येईल. पण इथं पूर्वी कोसळून जीवितहानी झाली असेल तर मला ती धोकादायक म्हणून लिहावी लागेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही. कचेरीत जुनं काही सापडलं नाही, म्हणून लोकांना विचारते आहे. मेंबरनं मला कोटापाशी बोलावून घेतलं. मी गेले तर तिथं दहाएक माणसं, आणि पलीकडे स्वतःच्या ओट्यावर शेजारची मावशी काठी घेऊन बसलेली. मावशी आता फार थकली आहे, पण कान शाबूत आहेत.

“काकू, तुमीच सांगा न मॅडमले,” मेंबर म्हणाला. “इथं कोणीतरी बाई दबून मेलती म्हणते. आमी लहानपणापासून ऐकून राह्यलो. तुमच्याच घरचं होतं न कोणी?”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. पोरीनं पेन उघडून ठेवलं होतं. माझ्या मनात काय काय आलं ते सांगू का? मला वाटलं, हो म्हणावं आणि पाडून टाकू द्यावा एकदाचा, खाल्लं आहे त्यानं माझ्या मायीला. आणि त्याच वेळी मला ते घाव दिसत होते. मशीन आली की दहा मिनिटांत त्यांची धूळ होणार होती.

“नाही,” मी म्हणाले. “इथं कोणी मेलं नाही. आमची माय तापानं गेली.”

मेंबरला ते पटलं नाही. तो ओट्याकडे वळला. “आजी, तुमाले तं माहीत असंन?”

मावशीनं काठी या हातातून त्या हातात घेतली. “असंन न,” ती म्हणाली. “तापच होता. हिवतापाचं साल होतं थे. बम लोकं गेलते.”

पोरीनं लिहून घेतलं. मग ती आत वाकून वाकून फोटो काढायला लागली आणि तुझ्या खदानीपाशी थांबली. टेप लावली, पुन्हा पाहिलं, आणि मला हाक मारली. अगदी आनंदानं, शाळेतल्या पोरीनं काही सापडलं म्हणून दाखवावं तशी. “मॅडम, हे बघा ना. इथले घाव उलट्या दिशेनं आहेत. इथं खोदणारं कोणीतरी डावखुरं असणार. कोण असेल हो?”

माय, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तुझ्याबद्दल विचारलं होतं. देवीबद्दल नाही, विटाळाबद्दल नाही, तुझ्या हाताबद्दल. आणि दोन मिनिटांपूर्वी मी तुला तापानं मारून बसले होते. मी म्हणाले, “असेल कोणी बाई. सगळ्याच यायच्या.”

तिनं मान हलवली. मी निघाले, पण चार पावलांवर बाभळीखाली पोरं लपाछपी खेळत होती, एक तर सरळ त्या भोकातून बाहेर आलं, केसांत माती घेऊन. मी भिंत राखायला खोटं बोलले आणि उद्या ती या लेकरावर आली तर? मी परत फिरले आणि पोरीला मीच विचारलं, “ही भोकं बुजवणार ना तुम्ही?”

“ती तर आधी बुजवावी लागतील,” ती म्हणाली. “भिंत उभी राहायची असेल तर तिचं पोट भरायला हवं. तशीच पांढरी माती आणि चुना मिळवून भरू. मग बाहेरून जाळी लावू.”

“सगळी?”

“सगळी, मॅडम. एकही ठेवता येणार नाही.”

म्हणजे काय झालं ते तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्यासाठी खोटं बोलले ते गेलंच. भिंत राहील, तुझे घाव तिच्या पोटात जातील. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

संध्याकाळी मावशी काठी टेकत टेकत घरी आली. बसली, पाणी प्याली, आणि मग विचारलं, “काहून व, ताप काहून म्हणलं?”

“खरं सांगतलं असतं तं उद्याच मशीन आणली असती त्यायनं.”

“थे तं झालंच. पण हिवताप म्या कायले जोडला थे मले नाई समजून राह्यलं. तोंडातून निघूनच गेलं.” आणि ती हसायला लागली, दात नसलेल्या तोंडानं, पोट धरून. मीही हसले. मग तिचं हसू कुठं संपलं आणि रडू कुठं लागलं ते मला कळलं नाही. “म्या टोपलं खाली करून वापस आलो न,” ती म्हणाली, “तं तुह्या मायची जागाच नव्हती व. निर्री माती होती. दोन टोपले अजून, मंग चुलीपुरतं झालं, असं म्हणलं होतं तिनं मले.” हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरून बसले. तिला सोडायला गेले तेव्हा ओट्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, “जा न एकदा, पाहून ये. मंग मिस्त्री येतीन म्हणते.”

अहवाल मंजूर झाला, आणि काल सकाळी मी जाऊन आले. मिस्त्री यायचे होते, मातीची ट्रॉली आधीच येऊन उभी होती. आधी वाटलं एक ढेकूळ काढून घ्यावं घावासकट, कापडात बांधून आणावं. पण हाताखाली ते सगळं भुसभुशीत लागत होतं, काढायला गेले असते तर हातात भुगाच आला असता. मग हा कागद तिथं खोचून यावं असंही मनात आलं, तुझ्याजवळ राहील म्हणून. पण म्हटलं, पुढेमागे आणखी कोणी टोपीवाली पोरगी येईल, तो उकरून काढेल आणि त्याच्यावर नंबर टाकेल. म्हणून हा इथंच राहील, टेबलावर, चष्म्याच्या डबीखाली. दुपारी लांबून पाहिलं तेव्हा दोन माणसं तुझ्या खदानीत ओल्या मातीचे गोळे थापत होती. सराईत हात होते, भराभर चाललं होतं.

आता एवढंच, आणि हे मावशीलाही सांगितलेलं नाही. ताप हा शब्द त्या क्षणी तोंडाला आला म्हणून मी बोलले. पण बोलल्यापासून तो मला सोडत नाही. ताप म्हटला की माणूस घरात असतं. खाट असते, तांब्या असतो, कपाळावर ओलं फडकं बदलायला कोणीतरी असतं, आणि ते कोणीतरी म्हणजे मी असते. मी शाळेत जात नाही. बाबा रजा टाकून वणीहून येतात. तू पाणी मागतेस, मी देते, माझी वेणी सुटली म्हणून तू पडल्या पडल्या रागावतेस. पहिल्यांदा तो ताप एका रात्रीचाच होता. मग मी तो आठवडाभराचा केला. कालपासून तुला थोडा उतार पडला आहे, माय, तू उठून उशीला टेकून बसतेस, माझ्याशी बोलतेस. आणि मी तुला बरीही होऊ देत नाही, जाऊही देत नाही.